नवसाबाईचा मुराळी

नवसाबाईला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई लय हावरट होती. तिला आखाजीला आपली लेक माहेरी आणायची होती. बस्स. सोनं नको, नाणं नको, नवऱ्याला तुरुंगात घालणंसुद्धा नको. अक्षय्य तृतीयेला तिच्या देवळा तालुक्याकडं आखाजी म्हणतात. त्या सणाला गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला दोर टाकून झोके घेतात, आमरस-पुरणपोळी खातात, सासूच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात आणि हलक्या होऊन परत जातात. पण माहेर म्हटलं की घर लागतं, आणि लेकीला आणायला मुराळी लागतो. मुराळी म्हणजे माहेरून न्यायला येणारा माणूस, भाऊ नाहीतर मामा. नवसाबाईकडं घरही नव्हतं आणि न्यायला जाणारं माणूसही नव्हतं.

ती राहायची ‘उंबरा’त. पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडं, एका बैठ्या चाळीत चालणारं ते बायकांचं घर. चालवणाऱ्या प्रतिभाताई. टाकलेल्या, मार खाल्लेल्या, पोर काखेत घेऊन स्टँडवर झोपणाऱ्या बायका तिथं यायच्या, दोन-तीन वर्षं राहायच्या, हाताला काहीतरी काम शिकायच्या. पाय जरा टेकले की ताई त्यांना नाशिकरोडला, एकलहऱ्याच्या रस्त्यावर, संस्थेनं घेतलेल्या खोल्यांतली एखादी द्यायच्या. तिथं ना घंटा ना पंगत. आपलं कुलूप आपण लावायचं, आपली भाजी आपण आणायची. ताई अधूनमधून चक्कर मारून धडपड बघून जायच्या. तिथं बाईचं निभलं की मग ती जगात मोकळी. त्या खोल्यांना उंबऱ्यातल्या बायका ‘पुढचं घर’ म्हणायच्या, आणि म्हणताना आवाज जरा खाली यायचा.

नवसाबाई इथवर कशी आली ती कहाणी काही नवी नाही, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नवरा बहिरू. त्यानं दुसरी आणली. ती कानामागून आली आणि तिखट झाली, आणि एका संध्याकाळी नवसाबाई घराबाहेर. धाकटी कुंदन अंगावर पिणारी होती, तिला दिली बरोबर. थोरली मथुरा बारा वर्षांची. तिला मात्र ठेवून घेतलं. कांदे निंदायला, पाणी ओढायला घरात हात लागतातच की! नवसाबाई रस्त्यानं चालत निघाली तेव्हा मथुरा ओट्यावर उभी होती. नवसाबाईनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणूनच ती पोर तिला पुढं रोज दिसत राहिली.

मग भाऊ, पुंजा. त्यानं वर्षभर ठेवून घेतलं. नंतर भावजयीचं तोंड बंद होईना, तेव्हा पुंजानं बहिणीला एसटीत घालून नाशिकला आणलं. “तू इथं बस, मी कामाच्या माणसाला घेऊन येतो,” असं म्हणून स्टँडवर बसवलं आणि तो गेला तो गेलाच. भरवशाच्या म्हशीला टोणगा! तरी नवसाबाई त्याला शिवी द्यायची नाही. त्याचंबी काय चुकलं, म्हणायची, त्याच्या घरात त्याचंच चालत नाय. स्टँडवर काही दिवस, रामकुंडावर काही दिवस, असं करत एका हवालदारानं तिला उंबऱ्यात आणून सोडलं.

आल्या दिवशी ताई प्रत्येकीला विचारायच्या, बाई गं, तुला काय पाहिजे? कोणी म्हणायची काम पाहिजे, कोणी म्हणायची पोटगी. एकीनं तर नवऱ्याचे दोन्ही पाय मोडून पाहिजेत असं सांगितलं होतं. नवसाबाईनं काखेतल्या कुंदनला खाली ठेवलं. मग म्हणाली, “माला एक दार पायजे. मनी पोर येईल असं.” तिच्या अहिराणीत मनी म्हणजे माझी.

तिला शिवण शिकवायला बसवलं. शिवणयंत्राच्या इतक्या सुया तिनं मोडल्या की मास्तरीणबाईंनी हात जोडले. पापड लाटायला बसवलं तर पापड भाकरीएवढे. मग पहिल्या वर्षीच्या आखाजीला तिनं वत्सलाबाईकडं मातीचं एक खापर मागितलं. वत्सलाबाई म्हणजे उंबऱ्याची स्वयंपाकीण, वॉर्डन, सासू, सगळं काही. जीभ अशी की मिरची लाजावी. ती म्हणाली, खापर कशाला, डोक्यात घालून घेतेस का? नवसाबाईनं चूल पेटवली, खापर पालथं घातलं आणि पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत वाढवत वाढवत त्या खापरावर असा टाकला की बघणाऱ्या बायका हातचं काम टाकून चुलीभोवती जमल्या. मांडा! देवळ्या-सटाण्याकडं घरोघर होतात, पण पंचवटीत कोणी पाहिले होते? वत्सलाबाईनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, मेले, इतके दिवस सुया का मोडत बसली होतीस?

तिथून चाक फिरलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भुसावळकडून बदलून आलेली खानदेशी माणसं पुष्कळ. त्यांच्या बायकांना मांड्यांची चव आठवून आठवून जीव कासावीस व्हायचा, पण हाताला ते येत नव्हते. ताईंनी दोन घरी चव दाखवली. दोनाची चार घरं झाली. लग्नाच्या, बारशाच्या, आखाजीच्या ऑर्डरी यायला लागल्या, आणि नवसाबाईच्या चुलीवरचं खापर थंड होईना.

आता मथुरेचं ऐका. पंचवटीच्या बाजारात एके सकाळी नवसाबाईला तिच्या गावची बाई भेटली. तिनं बातमी दिली, की अगं, तुझ्या मथुरेचं लग्न झालं की! पिंपळगाव बसवंतला दिली. पोरीला सोळावं लागलं होतं फक्त. कायदा काय म्हणतो ते बहिरूला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं कानावर हात ठेवले असते. नवसाबाई कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिथंच बसली. लेकीच्या लग्नात तिला अक्षता टाकायलाही कोणी बोलावलं नव्हतं. वाईट कशाचं वाटलं तर लग्नात मथुरेच्या मागं माय म्हणून कोण उभं राहिलं असेल, याचं.

ताई तिला घेऊन पिंपळगावला गेल्या. मथुरेचा सासरा निवृत्ती. दोन टेम्पो बाळगून होता, द्राक्षाच्या पेट्या नि कांद्याच्या गोण्या वाहायचा. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. जावई रवी गाडीवर गेला होता. निवृत्तीची बायको सखुबाई मागल्या दारात तांदूळ निवडत होती, ती मान वर करून बघायची नि पुन्हा सुपात बघायची. मथुरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावर पदर. नवसाबाईला वाटलं, उठून हिला छातीशी धरावी, पण परक्या ओसरीवर तिचे हातच उठेनात.

निवृत्तीनं सरळ सांगितलं. “सून माहेरी पाठवायला माझी ना नाय. पण ते रीतीनं झालं पायजे. तुमचं घर असू द्या, आखाजीला मुराळी येऊ द्या, मी पिशवी भरून पाठवीन. आश्रमात सून पाठवली तर गावाला तोंड काय दाखवू?”

निघताना मथुरा तांब्या उचलायला वाकली. सासऱ्याची पाठ होती तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, “माय, झोका बांधशील?”

नवसाबाई नुसती मान हलवत राहिली. एसटी ओझरच्या पुढं गेली तरी तिची मान हलतच होती, असं ताई नंतर सगळ्यांना सांगायच्या.

तेव्हापासून नवसाबाईला दुसरं काही सुचेना. जी बाई पुढच्या घराचं नाव काढलं की घाबरायची, तीच आता ताईंच्या मागं लागली. रात्रंदिवस खापराशी उभी राहिली, हाताला चटके किती बसले त्याला गणती नाही. दोन-एक वर्षांत, चैत्र लागता लागता, ताईंनी तिच्या हातात किल्ली ठेवली.

निघायच्या दिवशी वत्सलाबाईनं तिला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. नवसाबाई मागं सरली. टाकलेल्या बाईची ओटी भरतात होय, म्हणाली. वत्सलाबाई कडाडली. टाकली असेल त्या बहिरूनं, आम्ही नाही टाकली! खण, नारळ, तांदूळ पदरात घालून वर म्हणाली, “लेकीसारखी निघालीस, आता लेकीच्या मानानंच ये. न बोलावता सणावाराला येऊन बसलीस तर जेवायला वाढणार नाही, सांगून ठेवते.” बायका हसल्या. नवसाबाईही हसली, पण तिला ते जरा लागलंच.

पहिल्या संध्याकाळी नव्या खोलीत तिनं सवयीनं कणीक मळायला घेतली, आणि मळून झाल्यावर बघते तर अख्ख्या उंबऱ्याला पुरेल एवढी परात भरलेली. खाणारी माणसं दोन, त्यातली एक कुंदन! मग तिनं शेजारपाजारी पोळ्या वाटल्या, ओळख तेवढ्यावरच झाली. जेवणाची घंटा नव्हती. उंबऱ्यात त्या घंटेला ती रोज शिव्या घालायची. आता कान तिकडंच लागलेले.

खोलीच्या छताला एक जाड कडी होती. नवसाबाईनं तिला दोर बांधून झोका केला, वर गोधडीची घडी घातली. कुंदन बसायला धावली, तर तिला बसू देईना. “तुझ्या ताईचा, मथुरेचा हाय तो. पयली ती बसंल.”

मुराळी म्हणून पुंजाला निरोप धाडला. तो फोनवर हो म्हणाला, एकदा नाही, तीनदा हो म्हणाला. आणि आखाजीच्या आदल्या दिवशी त्याचा उलट फोन आला, की बैल आजारी आहे. नवसाबाई उंबऱ्यात ऑर्डरचे मांडे करायला आली होती, फोन तिथंच आला. फोन ठेवून ती भिंतीला टेकली. घर झालं, झोका झाला, मांडे झाले, आणि एका माणसावाचून सगळं अडलं. तिचा चेहरा बघून बायकांना राहवेना. त्यातल्या कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मंगळूला पाठवा!

मंगळू म्हणजे उंबऱ्याचा वाचमन. पेठकडच्या एका पाड्यावरचा, फाटकाशी स्टुलावर बसलेला असायचा, बोलणं कमी. तो म्हणाला, माला नाय जमायचं ते. पण दहा बायका पुढ्यात उभ्या राहिल्यावर एकटा गडी काय करणार? ताईंना कळू द्यायचं नाही असं ठरलं. वत्सलाबाईनं कुठूनसा कोट पैदा केला, नवी टोपी आणली. नवसाबाईनं त्याला बसवून पढवलं. गावाचं नाव, शेतांची नावं, पुंजाच्या पोरांची नावं, विहीर कोणत्या साली खणली, म्हातारा कशानं गेला. मंगळू शाळेतल्या पोरासारखा पाठ करत होता. चुकलं की वत्सलाबाई पुन्हा म्हणून घ्यायची. सकाळच्या पहिल्या गाडीनं तो मांड्यांची टोपली घेऊन निघाला, आणि नवसाबाई आपल्या खोलीवर जाऊन दाराशी बसली.

तिथं काय घडलं ते मंगळूनं परत येऊन सांगितलं, जमिनीकडं बघत. पाणी झालं, चहा झाला. निवृत्तीनं काय काय विचारलं, त्याची मंगळूनं चोख उत्तरं दिली. मग आतून मथुरा बाहेर आली. नवं लुगडं नेसलेली, हातात पिशवी, तयारच. ओसरीवर सगळे मंगळूकडं बघायला लागले.

आणि मंगळू तसाच ताठ उभा. त्याला वाटलं, भाची पाया पडंल. पडली नाही, तेव्हा त्यानं आपला हात पुढं करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, सुखी राह्य.

झालं! देवळ्याकडं भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. मामा साठ वर्षांचा असो नि भाची पाळण्यातली असो, मामानं वाकायचं. तिकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मंगळूच्या पाड्यावर धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं, तो तेच धरून चालला होता.

निवृत्ती म्हणाला, “पाव्हणं, भाचीला हात लावून उभं ऱ्हाणारा मामा मी पयल्यांदा बघितला. खरं सांगा, कोण तुम्ही?”

मंगळूला खोटं एवढंच शिकवलं होतं, त्यापुढचं खोटं त्याच्याकडं नव्हतं. वाचमन हाय, म्हणाला. निवृत्तीनं आवाज चढवला नाही. उन्हातून आलेल्या माणसाला पोटभर जेवू घातलं, मांड्यांची टोपली जशीच्या तशी परत दिली, आणि निरोप दिला, की भाड्याचा भाऊ पाठवणाऱ्या घरी आमची सून जाणार नाही. मथुरा पिशवी घेऊन आत गेली. ती आत पिशवी रिकामी करत होती, तेही मंगळूला ओसरीवरून दिसलं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. नवसाबाई मंगळूवर चिडली नाही. तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. विहिरीचं साल शिकवलं, म्हाताऱ्याचं दुखणं शिकवलं, आणि हे एवढं शिकवायचं राहिलं! पण ते शिकवायचं असतं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. पाणी कसं प्यायचं ते कोणी कोणाला सांगतं का? ताईंना कळलंच. त्यांनी सगळ्यांना उभं करून झापलं, कोट ज्याचा त्याला परत द्यायला लावला. मंगळूनं तेव्हापासून नवसाबाईच्या नजरेला नजर दिली नाही. ती उंबऱ्यात आली की तो मागच्या बाजूला नळ बघायला जायचा. नळ काही बिघडलेला नसायचा.

एक वर्ष गेलं. काम वाढलं, खोलीत पत्र्याचं कपाट आलं, कुंदन शाळेत जायला लागली. ताई म्हणायच्या, नवसाबाई, आता तू सुटलीस हं, पुढच्या साली संस्थेची खोलीसुद्धा तुला लागायची नाही. नवसाबाई हो म्हणायची आणि झोक्याकडं बघायची. संध्याकाळी शेजारच्या कॉलनीतल्या लेकी माहेरपणाला आलेल्या दिसायच्या, आयांच्या मागंपुढं करत बाजाराला निघालेल्या, आणि ती दार लोटून घ्यायची. पोरगी तासाभराच्या वाटेवर होती. एवढ्या जवळ असून भेटता येईना, यापेक्षा सात समुद्रापलीकडं असती तरी बरं, असं तिला कधीकधी वाटायचं. मग आपलंच तिला वाईट वाटायचं.

पुन्हा आखाजी आली. या खेपेला तिनं पुंजाला निरोप धाडला नाही, कोणाला पढवलं नाही, फक्त ताईंच्या कानावर तेवढं घातलं. आदल्या दिवशी पहाटे मांडे केले, टोपलीत घातले, कुंदनला शेजारणीकडं ठेवलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचून ती स्वतः पिंपळगावला गेली.

निवृत्ती ओट्यावर पेट्या मोजत होता. तिला बघून उभा राहिला. मुराळी कुठाय, म्हणाला.

“मीच,” नवसाबाई म्हणाली. “मागल्या साली खोटं माणूस धाडलं, माझं चुकलं. भाऊ हाय, पण तो येत नाय, आन इथून पुढंबी येणार नाय. आता कोणाची वाट बघू?” कनवटीची किल्ली काढून तिनं ओट्यावर ठेवली. “हे मनं घर शे. तुम्ही येऊन बघा, रवीला धाडा. पण पोर माझ्यासंगं द्या.”

बाईमाणूस मुराळी म्हणून कधी कोणी ऐकलंय का, निवृत्ती म्हणाला. रीत काही आहे की नाही? तो आणखीही बरंच बोलला, आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच काही सापडेना. तेवढ्यात मागून सखुबाई आली. हात पिठाचे. तिनं किल्लीकडं पाहिलं, नवसाबाईकडं पाहिलं. नवऱ्यासमोर ओसरीवर बोलायची तिची रीत नव्हती, पण बोलली.

“जाऊ द्या पोरीला. माझे भाऊ गेले तवापासून मला कोणी न्यायला येत नाय. मी दर आखाजीला त्या कोपऱ्यावर बघत बसते. तुम्हाला ते कधी दिसलं नाय.”

निवृत्तीनं त्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग पेट्यांवरून हात फिरवत म्हणाला, परवा दिवे लागायच्या आत माघारी आली पाहिजे. मथुरेची पिशवी भरायला वेळ लागला नाही. भरलेलीच असावी.

एसटीत मायलेकी शेजारी बसल्या. ही बारा वर्षांची पोर सोडली होती, आणि आता शेजारी बसलेली बाई तिच्याहून उंच होती. नवसाबाईनं विचारलं, पाणी पिते का? मथुरा नको म्हणाली. खोलीवर आल्यावरही ती पाव्हणीसारखी भिंतीशी बसली. नहाणी कुठं, विचारलं. कुंदननं तिच्या बांगड्या मोजल्या. रात्री तिघी एका सतरंजीवर निजल्या, आणि नवसाबाईला जन्मात प्रथमच वाटलं की ही रात्र लवकर सरू नये.

आखाजीच्या सकाळी तिनं मथुरेला झोक्यावर बसवलं. खोली केवढी, झोका केवढा! एका झोक्याला पाय समोरच्या भिंतीला, परत येताना पाठ कपाटाला. कपाट असं वाजलं की कुंदन फिदीफिदी हसायला लागली, आणि मग मथुराही हसली. हसता हसता तिनं पाय टेकून झोका थांबवला.

“माय, मी ओट्यावर उभी होते. तू मागं का नाय बघितलं?”

नवसाबाई चुलीपुढं बसली होती. “बघितलं असतं तर पुढं पाय टाकला नसता,” ती म्हणाली. “आन तिथंच मेले असते. मग आज झोका कोणी बांधला असता?”

मथुरा उठून तिच्याजवळ आली आणि लहानपणी झोपायची तशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. नवसाबाईचे हात पुरणाचे, तिनं मनगटानंच पोरीचे केस मागं सारले. दोघी रडल्या, पोटभर रडल्या, त्यात लाज कसली? कुंदननं ती संधी साधून झोका पटकावला.

जरा वेळानं मथुरा पडल्या पडल्याच म्हणाली, मला तू आणलंस. तुला कोण न्यायला येतं?

मला? नवसाबाई हसली. मला कोण नेणार गं, माझं नेणं-आणणं संपलं. असं म्हणाली खरी, पण तिला स्टँड आठवला, कामाचा माणूस आणतो म्हणून गेलेला भाऊ आठवला, आणि आज उंबऱ्यात खापर तापलं नसेल हे आठवलं. वत्सलाबाईनं सणाचं बोलावलं नव्हतं. न बोलावता जायची सोय नव्हती.

दारात कोणीतरी खाकरलं.

मंगळू उभा होता. तोच आखूड बाह्यांचा कोट, पुन्हा कुठूनसा मागून आणलेला, तीच टोपी, आणि हातात वत्सलाबाईच्या स्वयंपाकघरातली कडीची पिशवी. उन्हानं तोंड लाल झालेलं. त्यानं नवसाबाईकडं पाहिलं, तिच्या मागं उठून उभ्या राहिलेल्या मथुरेकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, टोपी काढून काखेत धरली, आत आला आणि कंबरेत वाकून त्यानं मथुरेच्या पायांना हात लावला. मग झोक्यावरून लोंबणाऱ्या कुंदनच्या पायांना. कुंदनला गुदगुल्या झाल्या, तिनं पाय वर घेतले.

मथुरा तशीच उभी होती. मागल्या साली ह्याच माणसाचा हात तिच्या डोक्यावर होता. तिनं भिंतीशी ठेवलेला पाट आणून मांडला.

“बसा मामा,” ती म्हणाली.

मंगळू बसला नाही. बाहेरून पाठ करून आला असावा, तसं एका दमात म्हणाला, “वत्सलाबाईनं मूळ धाडलंय, सणाचं बोलावणं. आखाजीला लेक घरी पायजे म्हणल्या. मी न्यायाला आलोय, बाई, तुमाला आन दोनी भाच्यांना.”

नवसाबाई उठली. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात धुतले, पुन्हा धुतले. लुगडं कोणतं नेसायचं, पिशवी कुठं ठेवली, कुलूप कुठंय, तिला काहीच सापडेना. बघता बघता ती खोलीभर नुसती फिरायला लागली. मुराळी दारात आला की सासुरवाशीण अशीच फिरते, हे मथुरेला ठाऊक होतं, म्हणून तिनंच पुढं होऊन आईची पिशवी भरायला घेतली.

“दादा, चहा घेऊन जाऊ,” नवसाबाई कशीबशी म्हणाली आणि आधण ठेवायला वळली.